जेवणघरातली लढाई

१९७४ साली, दिवाळीच्या सुट्टीसाठी साताऱ्याला घरी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मी ‘द मिरॅकल वर्कर’ हा चित्रपट प्रथम पाहिला. खुर्च्या पत्र्याच्या होत्या, पडदा मधोमध जरा झोल खाल्लेला होता, आणि दर रिळानंतर दिवे लागत तेव्हा जो तो शेजाऱ्याची नजर चुकवून डोळे पुसून घेत होता. मी रडलो नाही. मी भलताच पेटून उठलो होतो. त्या भरात चारच दिवसांनी घरी माझ्या हातून जे घडले, ते सांगितल्यावाचून या चित्रपटाविषयी मला लिहिता येणार नाही. पण ते यथावकाश. आधी चित्रपट.

हेलन केलरचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. पाठ्यपुस्तकांनी, चरित्रमालांनी आणि वक्तृत्वस्पर्धांनी ते घरोघर नेले. १९५५ साली ती स्वतः भारतात येऊनही गेली. एकोणीस महिन्यांची असताना आलेल्या दुखण्यात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेली ही अमेरिकन मुलगी पुढे पदवीधर झाली, ग्रंथ लिहू लागली, जगभर हिंडली, हे सर्वांना माहीत असते. शेवट आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीत प्रेक्षकाला पावणेदोन तास बसवून ठेवायचे कसे, हा लेखकापुढचा पहिला प्रश्न. विल्यम गिब्सनने तो सोडवला काट मारून. पदवी गेली, ग्रंथ गेले, जगप्रवास गेला. उरला एक महिना. ३ मार्च १८८७ रोजी वीस वर्षांची ॲनी सलिव्हन बॉस्टनहून अलाबामातल्या टस्कंबिया गावी केलरांच्या घरी शिक्षिका म्हणून आली, आणि ५ एप्रिलला पंपाच्या धारेखाली हेलनला शब्द म्हणजे काय ते उमगले. एवढाच काळ. त्या दिवसांत ॲनीने लिहिलेली पत्रे हेलनच्या १९०३ सालच्या आत्मचरित्राबरोबर छापलेली आहेत, आणि गिब्सनचा मुख्य आधार तीच. १९५७ साली दूरचित्रवाणीसाठी, १९५९ साली रंगभूमीसाठी आणि १९६२ साली पडद्यासाठी अशी ही एकच गोष्ट त्याने तीनदा लिहिली, आणि तिन्ही वेळा दिग्दर्शक एकच होता, आर्थर पेन. नाटकातल्या ॲन बँक्रॉफ्ट आणि पॅटी ड्यूक याच पडद्यावरही आल्या. पैसे घालणाऱ्यांना ॲनीच्या भूमिकेत अधिक मोठ्या नावाची नटी हवी होती; पेन आणि गिब्सन हटले नाहीत. पुढे दोघींनाही ऑस्कर मिळाले. पॅटी ड्यूक तेव्हा अवघी सोळा वर्षांची होती.

चित्रपटाची सुरुवात होते ती पाळण्यापाशी. ताप उतरला, मूल वाचले, असे सांगून डॉक्टर निघतात. आई पाळण्यावर वाकते, लेकीशी बोलते, आणि क्षणभराने तिच्या तोंडून एक किंकाळी फुटते. ती ऐकून बाप बाहेरून धावत येतो. जिच्या कानाशी ती फुटली ते मूल मात्र दचकतही नाही. दोन गोष्टी एकाच क्षणी कळतात, आईला आणि आपल्याला. मला वाटते, सबंध चित्रपटात करुणरसाला दिलेली ही एकच मोकळी वाट. यापुढे पेन आपल्याला रडायला फारशी सवड देत नाही.

आता घर पाहा. कॅप्टन केलर हा यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला, आवाज चढवून बोलणारा, गावात वजन असलेला गृहस्थ. केट ही त्याची दुसरी बायको, वयाने बरीच लहान. पहिल्या बायकोचा मुलगा जेम्स, सावत्रपणा जिभेवर घेऊन वावरणारा. शिवाय एक आत्याबाई. हे वाईट लोक नव्हेत. हेलनवर जीव टाकणारी माणसे आहेत, आणि गिब्सनने त्यांना वाईट केले नाही यातच त्याची खरी जाण दिसते. आरंभीच एक लहानसा प्रसंग आहे. हेलनच्या चिंध्यांच्या बाहुलीला डोळे नाहीत. हेलन चाचपडत सर्वांकडे जाते, बाहुलीचा चेहरा पुढे करते, कोणाला काही कळत नाही. शेवटी ती आत्याबाईंच्या झग्याची दोन बटणे ओढून तोडते आणि बाहुलीच्या तोंडावर ठेवते. बाहुलीला डोळे हवेत! आई ती बटणे टाचून देते. मुलगी दोन क्षण आनंदते, मग दुसऱ्या कशासाठी तरी पिसाळते, आणि सारे पुन्हा होते तसे होते. या मुलीच्या डोक्यात काहीतरी जळते आहे हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. पण पाहून करायचे काय, हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणून ते तिला गोळ्या देतात. रडली की गोळी, चिडली की गोळी, चावली की दोन.

आणि मग येतो तो न्याहारीचा प्रसंग, ज्यासाठी हा चित्रपट अजून पाहावा.

केलरांच्या घरी हेलनला स्वतःचे ताट असून नसल्यासारखे. ती टेबलाभोवती फिरते, वास घेते, ज्याच्या त्याच्या बशीत हात घालते, मूठ भरून तोंडात कोंबते आणि पुढे सरकते. मंडळी आपापली बशी जराशी बाजूला घेतात, पण बोलणे थांबवीत नाहीत. बोलणे कशाविषयी? व्हिक्सबर्गच्या लढाईविषयी! वीस-पंचवीस वर्षांपूर्वी उत्तरेचा सेनापती ग्रँट तिथे जिंकला तो कशाच्या बळावर, यावर बाप-लेकांचा वाद चालला आहे, आणि तो चिवटपणाने जिंकला असे जेम्सचे म्हणणे बापाला झोंबते आहे. जुन्या हरलेल्या लढाईवर पुरुषमाणसे तावातावाने बोलताहेत, आणि त्यांच्याच खुर्च्यांमागून एक लढाई उष्ट्या हातांनी फिरते आहे. ती ॲनीपाशी येते. ॲनीच्या बशीत हात जातो. ॲनी तो बाजूला करते. पुन्हा जातो, पुन्हा बाजूला. तिसऱ्या खेपेस हेलन जमिनीवर अंग टाकते.

कॅप्टनला हे सहन होत नाही. एक दिवस दिले बशीतले तर काय बिघडले? बिचारीला काय कळते? ॲनी सर्वांना बाहेर काढते आणि आतून कुलूप लावते.

पुढची सुमारे नऊ मिनिटे पडद्यावर जवळजवळ एकही शब्द बोलला जात नाही. पार्श्वसंगीतही नाही. खुर्च्या सरकल्याचे, बशा फुटल्याचे, चमचे भिंतीवर आपटल्याचे आवाज, आणि दोघींचे धापा टाकणे. ॲनी हेलनला खुर्चीवर बसवते, ती उतरते, बसवते, उतरते. हातात चमचा देते, ती फेकते. दुसरा देते, तोही फेकते. ॲनी चमचे गोळा करून आणते आणि एकेक पुढे करते. पाणी तोंडावर उडते, केस ओढले जातात, अन्न थुंकले जाते. या झटापटीसाठी दोन्ही नट्यांना कपड्यांखाली जाड पट्ट्या बांधाव्या लागत. एकाच हालचालीची इतकी पुनरावृत्ती दुसऱ्या कोणत्या दिग्दर्शकाने प्रेक्षकाकडून सोसून घेतली असती, सांगता येत नाही. पेनचा हिशेब वेगळा आहे. मूल वाढवण्यात कंटाळा असतो, तोच तोचपणा असतो, आणि तो कापून टाकला तर मागे उरते ते खोटे, हे त्याने ओळखले आहे.

दुपारी दार उघडते. घामाने निथळलेली ॲनी केटला बातमी देते. खोलीची धूळधाण झाली आहे, परंतु मुलगी स्वतःच्या बशीतून चमच्याने जेवली, आणि तिने आपला हातरुमाल घडी करून ठेवला. केट ते वाक्य स्वतःशी पुन्हा उच्चारते. इंगा स्वेन्सन या नटीने केट साकारली आहे. ऑस्करच्या झगमगाटात तिचे नाव मागे पडले, पण त्या एका पुनरुच्चारात तिने जे केले आहे ते मला दोघींच्या बरोबरीचे वाटते. आनंद, अविश्वास आणि एक बारीकशी लाज. इतकी वर्षे आपण काय करीत होतो, ही लाज.

सगळ्यांच्या ताटात जिचा हात, तिला स्वतःचे ताट नाही. चित्रपटाचे मर्म मला इथे दिसते. प्रचलित समजूत अशी की ही शिक्षिका आणि विद्यार्थिनी यांची कथा आहे. मला ती दोन प्रकारच्या मायेची कथा वाटते. एक माया म्हणते, हिला कमी मिळाले आहे, हिच्याकडून काही मागू नका. दुसरी म्हणते, मागा. जिच्याकडून कोणी काही मागत नाही ती माणसांत धरलेली नाही. पहिली माया दिसायला गोड असते, आणि तिच्यात मागणाऱ्याचे कष्ट वाचतात ही सोय असते. ती सोय चित्रपट उघडी पाडतो, म्हणूनच मी एकविसाव्या वर्षी पेटून उठलो.

आता माझी हकिगत. माझा धाकटा भाऊ तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याला ऐकू येत नाही, आणि त्याची समजही वयाच्या मागे रेंगाळत चालते. त्या काळी आमच्या आळीत याला एकच शब्द होता आणि तो सर्वजण अगदी कनवाळूपणे वापरीत. आई त्याला हाताने भरवी. घरी चार माणसे असली की तो पंगतीत फिरे आणि ज्याच्या त्याच्या ताटातले उचली; पाहुणे “असू द्या, असू द्या” म्हणत. पहिल्या अंघोळीच्या दिवशी फराळाला सगळे बसलो. तो माझ्या ताटलीतली करंजी उचलायला आला. मी त्याचा हात धरला, सर्वांना बाहेर जायला सांगितले आणि दार लावून घेतले. एकविसाव्या वर्षी माणूस काय वाटेल ते करतो. वीस मिनिटांत त्याने श्वास कोंडेपर्यंत रडून घेतले, चिवड्याचा डबा उलटा केला, माझ्या मनगटाला कडकडून चावला, आणि मग कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला तो हलेचना. बाहेरून आई दार ठोठावीत होती. मी दार उघडले. तिने मला काही म्हटले नाही. त्याला उठवून स्वयंपाकघरात नेले आणि भरवले. भाऊबीज होईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परतलो. लढाई मी सुरू केली होती, रणांगण आईच्या हवाली करून निघालो होतो.

कित्येक वर्षे मला वाटत असे की माझी पद्धत चुकली. आता कळते की मी चित्रपटच धड पाहिला नव्हता. मी नऊ मिनिटे पाहिली होती.

कारण न्याहारीनंतर काय होते ते पाहा. ॲनी जिंकली खरी, पण दुसऱ्या दिवशी हेलन तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. आईच्या पदराखाली (गाऊनला पदर नसतो, पण मला दुसरा शब्द सुचत नाही) जाऊन लपते. ॲनीला उमगते की जोवर मागे आई आहे तोवर पुढे जायचे कारणच नाही. ती आवारातल्या लहान घरात हेलनला एकटीला घेऊन राहण्याची परवानगी मागते. महत्प्रयासाने दोन आठवडे मिळतात. हेलनला घोडागाडीत घालून दोन तास इकडेतिकडे फिरवतात आणि परत त्याच आवारात उतरवतात, जेणेकरून आपण फार दूर आलो असे तिला वाटावे. त्या घरात हेलन ॲनीला अंगाला हात लावू देत नाही. तेव्हा ॲनी नोकरांपैकी पर्सी नावाच्या काळ्या मुलाला झोपेतून उठवून आणते आणि त्याच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढू लागते. हेलन चाचपून पाहते: हा खेळ माझा होता, तो दुसऱ्याशी चालला आहे! मत्सराने ती आपला हात पुढे करते. कुलूप लावण्यापेक्षा हा डाव कितीतरी अवघड, आणि तो सुचण्यासाठी त्या मुलीशेजारी रात्र काढावी लागते.

दोन आठवड्यांनी हेलन स्वच्छ, शांत, आज्ञाधारक झाली आहे. कॅप्टन कृतार्थ होतो. त्याला आणखी काही नको आहे. ॲनीला मात्र हे अपयश वाटते, कारण मुलगी चमचा धरू लागली तरी शब्द म्हणजे काय हे तिला कळलेले नाही. बोटे ती हुबेहूब काढते, पोपट बोलतो तशी. माझ्या मते हे गिब्सनचे सर्वांत मर्मभेदक निरीक्षण. घराला शांतता हवी असते. मुलाला काय सांगायचे आहे ते कळावे, ही निकड घराला तितकीशी नसते. अपंग मूल शिस्तीत बसले की आपण त्याला ‘सुधारले’ म्हणतो. १९७४ साली मलाही तेवढेच हवे होते. पाहुण्यांपुढे त्याने दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये, बस.

घरवापसीच्या मेजवानीत सारे पुन्हा टेबलाशी बसतात. हेलन हातरुमाल जमिनीवर टाकते. ॲनी तो बांधते. हेलन पुन्हा टाकते, आणि थांबते. ती चाचणी घेते आहे: या घरात जुने कायदे चालतात की नवे? आत्याबाई म्हणतात, आजचा आनंदाचा दिवस, आज राहू द्या. आपल्याकडेही सणाच्या पंगतीत हेच म्हणतात. हेलन पाण्याचा तांब्या ॲनीच्या अंगावर ओतते, ॲनी तिला आणि तांब्याला धरून बाहेर काढते, की ज्याने सांडले त्याने भरून आणावे. कॅप्टन अडवायला उठतो, आणि आजवर नुसते टोमणे मारीत आलेला जेम्स दाराशी आडवा उभा राहून बापाला रोखतो. बाहेर पंपाची धार, तळहातावर बोटे, आणि त्या चेहऱ्यावर हळूहळू पसरत जाणारे काहीतरी. दुखण्यापूर्वी पाण्यासाठी ती जो बोबडा शब्द म्हणे, तो खोल कुठून तरी घशात येतो. पॅटी ड्यूक इथे अभिनय करते असे म्हणवत नाही. मग जमीन, पायरी, झाड, घंटा, आई. हेलन धावत सुटते आणि प्रत्येकाचे नाव विचारीत राहते.

या प्रसंगाला प्रेक्षक रडतात ते योग्यच. तरी माझ्या तक्रारी आहेत.

किरकोळ आधी. ॲनीचे बालपण ट्यूक्सबरीच्या अनाथ-अपंगांच्या आश्रमात गेले, तिचा धाकटा भाऊ जिमी तिथेच मेला, आणि त्याची आठवण तिला छळते. ही आठवण पेनने धूसर, दाणेदार चित्रांतून आणि घुमणाऱ्या आवाजांतून दाखवली आहे. ती ठिगळासारखी दिसते. ॲन बँक्रॉफ्टचा काळा चष्म्याआडचा चेहरा जे सांगतो त्यात या चित्रांनी काही भर पडत नाही. व्हिक्टर जॉरीचा कॅप्टन तर अजून शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी बोलतो आहे. नाटकाचा सेट गेला हे त्याला कोणी सांगितलेले दिसत नाही.

मोठी तक्रार दुसरी. खरी हेलन ॲनी येण्यापूर्वी इतकी मुकी नव्हती. हवे-नको, ये-जा, आईस्क्रीम, पाव, अशा कितीतरी गोष्टींसाठी तिने स्वतःच्या खुणा बनवल्या होत्या, आणि त्या खुणा समजून घेणारी तिची सवंगडी म्हणजे केलरांच्या स्वयंपाकिणीची मुलगी, मार्था वॉशिंग्टन. हेलनने आत्मचरित्रात हे मोकळेपणाने लिहिले आहे. चित्रपटाला मात्र अंधार जितका गडद तितका उजेड लख्ख हवा. म्हणून त्या खुणा जवळजवळ पुसल्या गेल्या आणि मुलगी श्वापदाजवळ नेऊन ठेवली. ‘चमत्कार’ हा शब्द मार्क ट्वेनने ॲनीला वाहिलेला. तो शब्द शीर्षकात आला की असे होते. चमत्काराला पूर्वतयारी चालत नाही, आणि पुढचे दिवसही चालत नाहीत. पंपाच्या धारेनंतर ॲनी हेलनच्या तळहातावर लिहीत राहिली ती १९३६ साली स्वतः मरेपर्यंत. एक महिना चित्रपटात आला. एकोणपन्नास वर्षे बाहेर राहिली.

आणि मार. ॲनी हेलनला मारते, तोंडात मारते, एकदा नव्हे. आज ते पाहवत नाही, आणि पाहवू नये. माझ्या भावाला दोन वर्षे एका शाळेत घातले होते. तिथे हातांनी खुणा केल्या तर छडी मिळे, कारण मुलांनी तोंडानेच बोलले पाहिजे असा दंडक होता. हे खूळ आपल्याकडचे नव्हे. १८८० साली मिलानच्या परिषदेने बहिऱ्यांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला आणि त्याचे लोण जगभर पसरले. त्या शाळेतल्या गुरुजींनी ‘द मिरॅकल वर्कर’ पाहिला असता तर छडी आणखी घट्ट धरली असती, अशी मला भीती वाटते. त्यांना हे दिसले नसते की ॲनीचे सारे शिकवणे हातानेच चालते, आणि ती मारून पाच वाजता घरी जात नाही. फुटलेल्या बशांत तीही दिवसभर उपाशी बसलेली असते. एवढ्याने मार क्षम्य होत नाही. पण ज्याने चित्रपटातून फक्त मार उचलला त्याने, माझ्यासारखीच, नऊ मिनिटे उचलली.

२००५ साली संजय लीला भन्साळी यांनी हाच विषय ‘ब्लॅक’मध्ये हिंदीत आणला. लहान मिशेलच्या भूमिकेत आयेशा कपूरने जी आदळआपट केली आहे तिच्यात धग आहे; जेवणाच्या टेबलावरची झटापट आणि पाण्याचा साक्षात्कार जवळजवळ पावलावर पाऊल टाकून आले आहेत, आणि उत्तरार्धात शिक्षकालाच विस्मृतीचा आजार देऊन शिष्येने गुरूला शिकवावे ही कल्पना तर हृद्यच. पण त्या घरात बर्फ आहे, उंच खिडक्या आहेत, दिव्यांची आरास आहे आणि बशी फुटली तरी ती संगीताच्या तालावर फुटते. दुःख इतके देखणे झाले की त्याची कीव करावीशी वाटू लागते. गिब्सनने पुढच्या दाराने हाकललेली कीव इथे मागच्या दाराने आत येऊन बसते. ‘ब्लॅक’ पाहून मी भरपूर रडलो, आणि घरी येऊन मला काहीही करावेसे वाटले नाही.

माझ्या भावाच्या बाबतीत जे व्हायचे ते चित्रपटाने झाले नाही. १९७९ साली माझे लग्न झाले. बायकोने महिनाभर सगळे पाहिले आणि मग एके दिवशी पाने मांडायच्या वेळी त्याच्या हातात वाट्या दिल्या, बोटाने जागा दाखवल्या, आणि सर्वांत शेवटी त्याची स्वतःची वाटी. त्याने ती उलटी ठेवली, दोन ठेवल्या, कधी ठेवलीच नाही. ती दर जेवणाला त्याच्याजवळ उभी राही. तो वाटी ठेवीपर्यंत कोणाचेही पान वाढले जात नसे, मग पाहुणे असोत की सण असो. आईला ते दोन वर्षे पटले नाही. तिसऱ्या वर्षी ती स्वतःच वाढण्यापूर्वी त्याच्याकडे पाहू लागली. हाताने भरवणे कोणत्या दिवशी थांबले ते आमच्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही. पंपाची धार वगैरे काही झाले नाही.

गेल्या उन्हाळ्यात मुलाने घरच्या टीव्हीवर तो जुना चित्रपट लावून दिला. एवढ्या वर्षांनी मी तो दुसऱ्यांदा पाहत होतो, बायको प्रथमच. न्याहारीचा प्रसंग आला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, की आता काही म्हणेल. ॲनीने हातरुमालाची बातमी दिली, केटने ती पुन्हा उच्चारली, माझा गळा दाटून आला. बायकोने विचारले,

“ती खरकटी कोणी काढली?”

मला उत्तर देता येईना. ती खोली कोणी आवरली यावर चित्रपट थांबत नाही. त्या घरात व्हायनी नावाची काळी मोलकरीण आहे, पर्सी आहे, आणखी गडीमाणसे असतील. गुलामी कायद्याने जाऊन दोन तपेही उलटली नव्हती. दारे उघडणारी, पंप हापसणारी, झोपेतून उठवून आणली जाणारी ही माणसे फ्रेमच्या कडेला उभी असतात. मार्था वॉशिंग्टन जिथे पुसट झाली तिथेच ती लादीही पुसली गेली असणार. १९७४ सालापासून मी या प्रसंगावर मित्रांशी वाद घातले आहेत, दोनदा व्याख्यानात बोललो आहे. हा प्रश्न मला सुचला नव्हता. आमच्या फराळाच्या खोलीतला तो सांडलेला चिवडा कोणी भरला होता, हेही मी कधी विचारले नव्हते.

भाऊ आमच्याबरोबर खाली सतरंजीवर बसून चित्रपट पाहत होता. आता त्याने साठी ओलांडली आहे. आवाज त्याला पोहोचत नाही, पण चित्रे तो मन लावून पाहतो. बशा फुटायला लागल्या तेव्हा तो उठला, स्वयंपाकघरात गेला, मांडणीवरच्या आपल्या बशा आणि वाट्या एकेक हात लावून मोजल्या, आणि पुन्हा येऊन आपल्या जागेवर बसला.